वर्षाच्या भाकरीतलं तूप

मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो. लिव्हर खराब झालं म्हणलं की समोरचा माणूस आधी तुमच्या डोळ्यांकडं बघतो आणि मग हळूच विचारतो, किती वर्षं घेत होता? मला डॉक्टरांनी विचारलं, सोनोग्राफीवाल्यानं विचारलं. देवगाव रंगारीच्या आमच्या भावकीनं तर विचारलंही नाही, परस्पर ठरवूनच टाकलं. पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरी झाली माझी. कोणत्या गावाला कधी पाणी सोडायचं, त्याच्या पाळ्या लावायचं काम. भावकी म्हणाली, कालव्यावर एकट्यानं राहून माणूस दुसरं करणार काय.

आज माझं वय सदुसष्ट. पोटात लिव्हर आहे ते माझ्या लेकीचं, वर्षाचं, त्याला सात महिने झाले. हे लिहितोय ते माझ्यासारख्या म्हाताऱ्यांसाठी. तरण्या माणसाला जगायचं असतं, त्याला समजवावं लागत नाही. म्हातारा माणूस मात्र वरवर गोळ्या घेतो आणि मनात भलतंच धरून बसतो. मी बसलो होतो. त्यापायी जे वागलो, ते सांगितल्याशिवाय मला चैन नाही.

पेन खाली ठेवलं तेव्हा

आधी पाय सुजले, मग पोट वाढलं. कुसुम, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "रिटायर झाल्यापासून बसून खाताय, पोट सुटणारच." लुंगीची गाठ वर वर सरकत छातीपाशी आली तेव्हा मुलगा योगेश मला दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर तरुण बाई होत्या. पोट दाबून बघितलं, दारूचं विचारलं, मग विचारलं, "साखर किती वर्षं झाली?" मी म्हणालो, पंधरा. त्या लिहिता लिहिता बोलत होत्या. लिव्हर आकसलंय, सिऱ्हॉसिस म्हणतात, साखर आणि चरबीनंही होतं. मी विचारलं, "मग गोळ्या किती दिवस घ्यायच्या?" त्यांनी पेन खाली ठेवलं. पेन खाली ठेवलं तेव्हाच मला कळलं.

"काका, गोळ्यांनी दिवस काढता येतील. पण हे लिव्हर सुधारणार नाही. बदलावं लागेल."

बाहेर आलो आणि गाड्यावरून किलोभर पेरू घेतले. का घेतले ते आजही सांगता येत नाही. घरी कुसुमला म्हणालो, साखर वाढलीय जरा. तीन दिवस तिनं ते खरं धरलं. चौथ्या दिवशी योगेशनं सांगून टाकलं, आणि ती पहिल्यांदा माझ्यावर चिडली ती खोटं बोललो म्हणून. आजाराचं रडणं नंतर आलं.

पुढं अमोनिया डोक्यात चढायला लागला. लिव्हर रक्त साफ करीत नाही, मग घाण मेंदूकडं जाते, असं मला समजलं. एका दुपारी दाढी करायला म्हणून निघालो आणि सापडलो आमच्या हर्सूलच्याच जेलच्या भिंतीपाशी. तिथल्या हवालदाराला विचारत होतो, कालव्याची तीन नंबरची चौकी कुठंय. त्या भल्या माणसानं मला गाडीवर बसवून घरी सोडलं. गल्लीत कुणीतरी म्हणालंच, "आज जरा जास्त झाली वाटतं." त्यानंतर जुलाबाचं गोड औषध सुरू झालं. ते प्यायलं की डोकं ताळ्यावर राहतं, पण दिवसभर संडास सोडता येत नाही. लाज वाटते. वाटू द्या, औषध चुकवू नका.

धसकट

शस्त्रक्रिया करणारे मोठे डॉक्टर म्हणाले, "वय बघून आम्ही नाही म्हणत नाही, हृदय बघून म्हणतो." आठ दिवस तपासण्या झाल्या. खरं सांगतो, मी मनात म्हणत होतो की हृदय नापास होऊ दे, म्हणजे प्रश्नच मिटला. ते नालायक पहिल्या नंबरानं पास झालं.

लिव्हरचा तुकडा जवळच्या नात्यातल्या कुणीतरी द्यायचा. कुसुमचा रक्तगट वेगळा, योगेशचाही जुळेना. जुळला तो वर्षाचा. वर्षा सदतीस वर्षांची, बिडकीनला दिलेली, घरीच ब्लाउज शिवते. जावई दिलीपराव ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतात. दोन लेकरं आहेत, धाकटा अजून दुसरीत.

मी तिला स्पष्ट सांगितलं, "मी नोकरीत एकच शिकलो. पाणी कमी असलं की उभ्या पिकाला द्यायचं. कापणीनंतर उरलेल्या धसकटाला पाणी सोडणारा माणूस येडा."

ती म्हणाली, "बरं," आणि तपासणीला जाऊन आली.

तिच्या लिव्हरवर चरबी निघाली. अशी चरबी असली तर तुकडा घेता येत नाही, देणाऱ्यालाही धोका आणि घेणाऱ्यालाही. डॉक्टरांनी सहा आठवडे दिले. सहा किलो वजन उतरवा, मग बघू. वर्षा लेकरांना सासूवर सोपवून आमच्याकडं हर्सूलला राहायला आली. रोज सकाळ संध्याकाळ तलावाकडं चालायला जायची. दोन कोरड्या भाकरी, उकडलेली भाजी, ताक. तिला जिलबी लई आवडते. समोरच्या घरी बारसं होतं तेव्हा तिकडून आलेली पुडी तिनं उघडूनसुद्धा बघितली नाही.

बोटं

कुसुमच्या हातची भाकर म्हणजे कडा गोल, चीर दिसायची नाही. त्या दिवसांत तिच्या भाकरीच्या कडा फाटायला लागल्या. त्याही फक्त वर्षाच्या. तिच्यासाठी पिठाचा डबा वेगळा होता. मला वाटलं, काळजीनं हात कापत असेल.

एका दुपारी आम्ही दोघं बापलेक जेवायला बसलो होतो. वर्षा पाणी आणायला उठली. माझी भाकर संपली होती, म्हणून मी तिच्या ताटातला तुकडा मोडला. तोंडाची चव तर आजारानं गेलेलीच होती, पण बोटं चकाकली. कोरड्या भाकरीनं बोटांना पीठ लागतं, तेलकटपणा लागत नाही. मी बोटं नाकाशी नेली. घरी कढवलेलं तूप. पिठातच चोळलेलं.

मान वर केली तर कुसुम चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशीच, पण आम्ही चूलच म्हणतो, उभी राहून माझ्याकडं बघत होती. तिनं नजर फिरवली. मी बोटं लुंगीला पुसली.

मला काय वाटलं ते लपवत नाही. हलकं वाटलं. आता पोरीचं वजन उतरणार नाही, डॉक्टर नाही म्हणतील, आणि माझी लेक अंगावर चिरा न पडता बिडकीनला परत जाईल. कुणी कुणाला दोष द्यायचा नाही. मी मेलो तर आजारानं मेलो.

अठरा दिवस मी रोज ती भाकर तिच्या पोटात जाताना बघितली, आणि गप्प बसलो.

"कुणाचा दबाव आहे का?"

सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. चरबी तेवढीच, वजन उलट अर्धा किलो वाढलेलं. माझी तब्येत तोवर खाली गेली होती. पोटातल्या पाण्यात जंतू झाले म्हणून मी नुकताच दहा दिवस ॲडमिट राहून आलो होतो. डॉक्टर योगेशला म्हणाले, अजून एकदा असं झालं तर हे शस्त्रक्रिया झेपण्याच्या पलीकडं जातील. हातात तीनच आठवडे धरा.

मग तिथल्या समुपदेशन करणाऱ्या मॅडमनी वर्षाला एकटीला आत बोलावलं. ती बाहेर आली ती खाली मान घालून. रिक्षात बसल्यावर रडायला लागली.

"त्यांना वाटतंय मी चोरून खाते. म्हणल्या, द्यायचं मनात नसेल तर तसं सांगा, आम्ही घरच्यांना फक्त एवढंच सांगू की जुळत नाही. कुणाचा दबाव आहे का, विचारलं मला."

योगेश पुढं बसला होता, तो मागं वळून बघेना. कुसुम बाहेर बघत होती. मी वर्षाच्या शेजारी बसलो होतो, आणि तरीही बोललो नाही. ह्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून वर्षानं जेवणच सोडलं. लिंबूपाणी पिऊन राहायची. कुसुम ताट घेऊन मागं मागं फिरायची, ती हात लावायची नाही. चौथ्या दिवशी सकाळी तलावाच्या रस्त्यावर चक्कर येऊन पडली. चालायला आलेल्या दोन बायांनी धरून आणली. ओठ फुटलेला, गुडघा सोललेला.

दुपारपर्यंत दिलीपराव आले. हाताला ग्रीस तसंच होतं. वर्षाला बघितलं आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"मामा, मी सही द्यायला तयार झालो. आईशी भांडून झालं. पण ही अशी उपाशी मरायला लागली तर मी लेकरांना काय सांगू?"

वर्षा भिंतीला टेकून म्हणाली, "त्यांना काय बोलू नका. माझ्याच अंगात खोट हाय. सगळं करून बी चरबी जाईना."

त्या वाक्यानं माझं तोंड उघडलं.

"खोट तुझ्यात नाय," मी म्हणालो. "तुझ्या भाकरीत तूप हाय."

कुसुम मटकन खाली बसली. पदर तोंडाला लावला, मग काढला.

"कापणार म्हणले पोरीला," ती म्हणाली. "बाळंतीण बाई सुद्धा आपण तूप न घालता उठवत नाय. हिचं तर आख्खं पोट फाडणार. अंगात काय नको का? बाहेरचं तळलेलं खाऊ नको म्हणले डॉक्टर, ते मी एक दिलं नाय. घरचं तूप, माझ्या हातानं कढवलेलं. ते कुठं चरबी असतंय?"

वर्षा आईकडं बघत राहिली. म्हणाली, "तू म्हणलीस नवी शाळू ज्वारी हाय, म्हणून भाकर मऊ होतीय."

"व्हय. म्हणले." मग कुसुम माझ्याकडं वळली. "तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं ना?"

"व्हय."

"माझं अडाणीपण होतं. तुमचं काय होतं?"

बेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला इतकं नेमकं कधी विचारलं नव्हतं. माझ्याकडं उत्तर होतं, पण ते दिलं वर्षानंच.

"अण्णा मला नापास करत होते." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी तिथं बाईसमोर चोर ठरले. तुम्ही रिक्षात शेजारी गप बसून होता."

मी म्हणालो, "धसकटाला पाणी..."

"पुरे करा ते धसकट. खोडव्याला पाणी देत होता का नाय? ऊस तोडला की बुडखा राहतो, पाणी दिलं की पुन्हा फुटतो. डॉक्टर काय म्हणले, माझं लिव्हर परत वाढणार. म्हंजी मी खोडवा हाय, मला काय होत नाय. आणि कुणाला पाणी द्यायचं ते नोकरीत तुम्ही ठरवलं, आता मी ठरवणार. तुम्ही नुसतं शेत हाय. गप पडून राहायचं."

दिलीपराव इतका वेळ हाताचं ग्रीस अंगठ्यानं खरवडत होते. ते म्हणाले, "मामा, एकदा तोंडानं सांगा. पाहिजे का नको. नको म्हणला तर मी आत्ता हिला गाडीवर घालून नेतो, कुणी तुम्हाला बोल लावणार नाय. पण आतल्या आत नको."

लेकीच्या नवऱ्यासमोर, लेकीचं शरीर मागायचं. मला वाटत होतं मला मरायचंय. तसं काही नव्हतं. मला भीती वाटत होती की हिला काही झालं तर मी जगून काय करू. आणि त्याच्याही खाली, लई खाली, मला जगायचं होतं. नातवाला पोहायला शिकवायचं राहिलं होतं.

"पाहिजे," मी म्हणालो. मला रडू आलं. सगळ्यांसमोर रडलो.

तीन आठवडे

दुसऱ्या दिवशी कुसुम स्वतः दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमकडं गेली आणि काय केलं ते सगळं सांगितलं. मला वाटलं त्या झापतील. त्या म्हणाल्या, "आजी, असं करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही." आमच्या घरात छोटा वजनकाटा आला. कुसुम पीठ तोलून घ्यायची, तोंडानं आकडा म्हणायची, जसं काही पंचनामा चाललाय.

वर्षानं एक अट घातली. तिच्या प्रत्येक भाकरीचा पहिला तुकडा मी मोडायचा, बोटं बघायची आणि काय आहे ते मोठ्यानं सांगायचं. मी रोज सांगायचो, "कोरडी हाय." ती मग जेवायची. माझ्याशी त्यापलीकडं ती आठवडाभर बोलली नाही. नंतर बोलायला लागली.

मी जंतूंना इतका घाबरलो होतो की हात धुऊन धुऊन सालपटं निघाली. कुणी शिंकलं की उठून आतल्या खोलीत जायचो. ते दिवस काढणं शस्त्रक्रियेपेक्षा अवघड होतं, कारण शस्त्रक्रियेत मी झोपलेला होतो.

तपासणी झाली. चरबी उतरली होती. मग अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढं मुलाखत. कॅमेरा लावून त्यांनी वर्षाला विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव होता का? ती म्हणाली, "होता. देऊ नको म्हणून." समितीतले एक गृहस्थ हसले, मग गंभीर होऊन लिहू लागले.

शस्त्रक्रियेच्या सकाळी तिला आधी नेलं. स्ट्रेचर माझ्या दारापाशी थांबवायला लावलं तिनं. डोक्यावर ती हिरवी टोपी, कानातलं काढलेलं. सासरी पाठवताना बघितली होती तशी मी तिच्याकडं बघत होतो, पण त्या वेळी मी उभा होतो. ती म्हणाली, "अण्णा, गप पडून राहायचं," आणि गेली.

काचेमागं

शुद्धीवर आलो तेव्हा घशात नळी, नाकात नळी, पोटाला तीन नळ्या. तहान अशी की बोलायची सोय नाही. दोन दिवस मला वाटत होतं की कालव्याचं दार उघडं राहिलंय आणि पाणी वाया चाललंय. नर्सला खुणेनं सांगायचो, बंद करा. त्या बिचाऱ्या हो म्हणायच्या.

वर्षाचं कुणी सांगेना. काचेपलीकडं कुसुम यायची, हात हलवायची. तिसऱ्या दिवशी तिनं हात हलवला, पण पदर उलटा घेतला होता. कधी असं होत नाही तिचं. काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. वर्षाला ताप आला होता. मला दोन दिवस कुणीही काही सांगितलं नाही आणि मी दोन दिवस छताकडं बघत देवाला एकच म्हणत होतो, माझं परत घे.

जे देणार आहेत त्यांच्यापासून हे लपवू नका, देणाऱ्याला दुखतं. माझ्यापेक्षा वर्षाला जास्त दुखलं. मी आजारी होतो, मला उठून बसल्यावर बरंच वाटलं. ती धडधाकट होती आणि आमच्यासाठी आजारी पडली.

तिथं फरशी पुसायला रजिया आपा यायच्या. पाचव्या दिवशी फडकं मारता मारता म्हणाल्या, "चच्चा, तुमारी बेटी का बुखार उतर गया. आज चार कदम चल ली. अब तुम कायकू रो रए?" डॉक्टरांच्या आधी मला त्यांनी सांगितलं. घरी निघताना मी त्यांच्या पाया पडायला लागलो, तर त्या मागं सरकल्या आणि म्हणाल्या, पोटाला टाके हैत, वाकू नक्को.

आता

सकाळी आठला गोळ्या, रात्री आठला गोळ्या, जन्मभर. मास्क लावतो. भावकीतल्या एकानं विचारलं, "मग आता सोडली का?" मी म्हणालो, "व्हय, सोडली." कुठवर समजावणार.

वय झालेल्यांना एवढंच सांगतो. नको असेल तर नको म्हणा, तुमचा हक्क आहे तो. पण तोंडानं म्हणा. मनात ठेवून घरातल्यांच्या चुकांमागं लपू नका. घरातल्या बाया प्रेमापोटी चुकतात, त्यांना डॉक्टरांसमोर नेऊन बसवा, रागावू नका.

गेल्या महिन्यात वर्षाची तपासणी झाली. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, लिव्हर भरून आलंय. म्हणाले, आता सगळं खा, बेतानं. दिलीपरावांनी तिला आणि लेकरांना घेऊन थेट हर्सूल गाठलं. कुसुमनं आधी फोन करून आहाराच्या मॅडमला विचारलं, दोनदा विचारलं, मगच वरच्या फळीवरची बरणी काढली.

आम्ही जेवायला बसलो. भाकर तव्यावरून थेट वर्षाच्या ताटात आली, कडा फाटलेली. कुसुम तिथंच उभी राहिली. वर्षानं भाकरीला हात लावला नाही. ताट माझ्याकडं सरकवलं.

मी तुकडा मोडला. बोटं चकाकली.

"तूप हाय," मी म्हणालो. "लई हाय."

वर्षा म्हणाली, "चालंल," आणि ताट ओढून घेतलं.